बार्शी लाइट रिक्षातून नेताना: छोट्या रेल्वे मॉड्यूलची तयारी

छोट्या रेल्वेच्या प्रदर्शनाला महिना उरला की आधी मोजपट्टी घ्यायची आणि घराच्या दारापासून मापं काढायची. दाराची चौकट, जिन्याचं वळण आणि रिक्षाची मागची सीट, या तिन्हींतून जाईल तीच आपली रेल्वे. अमेरिकेत १९७० च्या दशकात सुरू झालेल्या एनट्रॅक पद्धतीचं एक मॉड्यूल, म्हणजे छोट्या रेल्वेचा दुसऱ्याला जोडता येणारा तुकडा, ४ फूट बाय २ फुटांचं असतं. ते रिक्षात ठेवलं तर माणसाला बसायला जागा उरत नाही. म्हणून मी टी-ट्रॅकची मापं धरतो. जपानमधल्या कल्पनेवरून निघालेली ही पद्धत टेबलावर मांडायचीच आहे. तिचं मॉड्यूल म्हणजे एक पेटी, ३०८ मिलिमीटर लांब, आणि तिच्यावरचे रूळ ३१० मिलिमीटर (काटो या जपानी कंपनीच्या युनिट्रॅक या तयार रुळांचा २४८ चा एक तुकडा आणि ६२ चा एक). रूळ दोन्ही टोकांना एकेक मिलिमीटर बाहेर येतात, त्यामुळे पेट्या एकमेकींना न भिडता आधी रूळ जुळतात.

त्याच दिवशी कोणती गाडी पळवायची तेही ठरवून टाका, कारण पुढचं प्रत्येक माप त्यावर अवलंबून आहे. माझं मत स्पष्ट आहे. सोलापूर जिल्ह्यात राहून छोटी रेल्वे करायची तर बार्शी लाइट, म्हणजे इथली जुनी अरुंद रुळांची रेल्वे, करा. १८९७ मध्ये ब्रिटिश अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत ही गाडी आणली. १९०६ ला ती पंढरपूरला पोचली, १९११ ला लातूरला, १९२७ ला मिरजेला. रूळांतलं अंतर तेव्हा अडीच फूट होतं, म्हणजे ७६२ मिलिमीटर. छोट्या रेल्वेच्या एचओ मापात सगळं खऱ्याच्या ८७ व्या भागाएवढं असतं. ७६२ ला ८७ ने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि बाजारात मिळणारे एन गेजचे, म्हणजे एचओहून लहान मापाचे, रूळ ९ मिलिमीटरचे! म्हणजे घरं, झाडं, माणसं एचओ मापाची, १ ला ८७, आणि रूळ एनचे. फरक डोळ्यांना कळतही नाही. उलट आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर या मापात सव्वाएकोणीस होतात आणि तयार एचओ रूळ असतात साडेसोळाचे, त्यामुळे मोठी गाडी अरुंद रुळांवर उभी दिसते. बार्शी लाइटचे मालडबे २५ फुटांचे होते. या मापात ते जेमतेम पावणेनऊ सेंटिमीटर होतात. इंजिन आणि चार डबे दीड पेटीत मावतात. टी-ट्रॅकमध्ये रूळ दुहेरी असतात, पण ही लाइन एकेरी होती, म्हणून मी एकच टाकतो. दुसऱ्या कुणाच्या टी-ट्रॅकला जोडायचा बेत असेल तर मात्र दुहेरीच ठेवा.

पेट्या मिस्त्रीकडून कापून घेतल्या तरी गुण्या स्वतः लावून बघायचा. टोकाची फळी केसभर तिरकी असली तर आठव्या पेटीपर्यंत गाडी टेबलाबाहेर निघालेली असते. प्लायवूडला आतून-बाहेरून दोन्हीकडे रंग द्या. एकाच बाजूने दिला तर सोलापूरच्या कोरड्या हवेत फळी हमखास वाकते. चारही कोपऱ्यांत नट ठोकून खालून बोल्ट घ्यायचे, म्हणजे उंची कमी-जास्त करता येते. टेबलापासून ७० मिलिमीटर हे टी-ट्रॅकचं किमान माप.

तीन आठवडे उरले की मातीला हात घालावा. काळी माती आपल्याकडे विकत घ्यावी लागत नाही, पण ती सरळ रुळांशेजारी पसरू नका. चाळून घ्या, जुन्या कढईत भाजून पूर्ण कोरडी करा आणि मग कागदात गुंडाळलेलं चुंबक तिच्यातून फिरवा. कागदावर काळ्या मिशा उभ्या राहतात. आपली माती बेसाल्ट खडकाची, तिच्यात लोहाचे चुंबकीय कण असतात. इंजिनाच्या मोटारीतही चुंबक असतं, ते हे कण ओढून घेतं आणि इंजिन घरघरायला लागतं. चुंबक कोरं निघेपर्यंत फिरवायचं. मला मूठभर मातीला पाच-सहा वेळा लागतं. मग माती पेटीवर पसरा. फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि ड्रॉपरने सोडायचं. साबण नसेल तर थेंब मातीवर गोल बसून राहतो, आत जिरत नाही. झाडांसाठी मळणीनंतर उरलेलं ज्वारीचं रिकामं कणीस जपून ठेवा. त्याच्या बारीक फांद्यांवर हिरवा रंगवलेला भुसा चिकटवला की शिवारातलं कडुनिंब उभं राहतं.

माणसं १९ मिलिमीटरची, दार साडेचोवीसचं. एक माणूस सतत खिशात ठेवा आणि जे काही बनवाल त्याच्याशेजारी उभं करून बघा. माझ्या पंढरपूरच्या पेटीवर काडेपेटीच्या काड्यांचे वारकरी आहेत, हातात कागदाच्या पताका. बघणारे सगळ्यांत जास्त वेळ तिथेच थांबतात.

विजेचं काम आठवडाभर आधी संपलेलं असावं. १२ व्होल्ट डीसी पुरतो, पण वीज एकाच पेटीतून देऊन भागत नाही. प्रत्येक सांध्यावर विजेचा दाब (व्होल्टेज) थोडा कमी होतो आणि लांबच्या टोकाला गाडी मंदावते. प्रत्येक पेटीला खालून वायरची स्वतंत्र जोडी द्या, पुढच्या रुळाला लाल, मागच्या रुळाला काळी. हा नियम एकदा मोडला की नेमकी चुकलेली पेटी हॉलमध्ये शोधावी लागते.

वेगही घरीच ठरवून ठेवा. एका प्रदर्शनात एक आजोबा बराच वेळ बघत उभे होते. शेवटी म्हणाले, ‘‘बाळा, लय जोरात सोडलीस रे. ही एवढी पळत नव्हती.’’ मी घरी येऊन हिशोब मांडला. ताशी ३० किलोमीटर धरले तर या मापात सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर होतात, म्हणजे एक पेटी ओलांडायला तीन सेकंदांहून थोडं जास्त. आता कंट्रोलरवर त्या जागी रंगाची खूण आहे.

प्रदर्शनाची जागा आदल्या दिवशी बघून या. शाळेचं बाक उतरतं असेल तर सपाट टेबलं मागून घ्या, विजेचा बोर्ड कुठे आहे ते बघा, पंख्याखालची जागा टाळा, कारण पताका आणि भुसा दोन्ही उडतात. खिडकीतून ऊन येतं का तेही बघा. उन्हात रुळांखालचा प्लास्टिकचा पाया फुगतो, म्हणून जोडताना दोन-तीन पेट्यांमागे एका सांध्यात व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट सोडायची. एप्रिल-मेमध्ये पेट्या बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका.

आणि चादर. सोलापुरात प्रदर्शन म्हटल्यावर टेबलावर सोलापुरी चादर हवीच, मलाही हवी असते. पहिल्या वेळी मी ती टेबलावर अंथरली आणि पेट्या तिच्यावर मांडल्या. सकाळी पाणसळ लावून सगळं सरळ केलं होतं. तासाभरात पेट्यांच्या वजनाने बोल्ट जाड विणीत रुतले, कुठे एक मिलिमीटर, कुठे दोन. पंढरपूरच्या सांध्यावर इंजिनाचं पुढचं चाक चढलं, डबे आडवे झाले आणि समोर पहिली-दुसरीतली पोरं उभी होती. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. आता चादर टेबलाच्या पुढच्या कडेला टाचण्यांनी लावून खाली सोडतो, नक्षी बघणाऱ्यांकडे. बोल्ट थेट लाकडावर टेकतात. टेबल हलत असेल तर पायाखाली पुठ्ठ्याची पाचर.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी दारं उघडण्याआधी दीड तास हातात हवा. रूळ जोडा, प्रत्येक सांध्यावरून नख फिरवा. नख अडलं तर चाकही अडणार. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली पांढरी चिंधी पूर्ण फेरीभर ओढा. तिच्यावर काळ्या रेघा उमटतात, त्या फिक्या होईपर्यंत पुन्हा. पॉलिशपेपर रुळांना लावू नका, ओरखड्यांत घाण आणखी बसते. गाडी आधी रिकामी, मग डबे लावून, मग उलट्या दिशेने पळवा. पुढच्या कडेला वीतभर उंच ॲक्रिलिकची पट्टी लावा, पोरांचे हात रागावून थांबत नाहीत.

पिशवी भरताना जे आधी लागतं ते सगळ्यांत वर: पाणसळ, चिंधी, एक्स्टेन्शन बोर्ड, सोल्डरगन, रूळ जोडायचे जादा जॉइनर, पुठ्ठा. वीज गेली तर १२ व्होल्टची बॅटरी, तिच्या वायरीत फ्यूज घालूनच. पेट्या दोन-दोन समोरासमोर ठेवून मध्ये लाकडी ठोकळे स्क्रूने बसवतो, म्हणजे झाडं झाडांना लागत नाहीत, आणि रिक्षात ही जोडी मांडीवर घेतो. इंजिन मात्र शर्टाच्या खिशात, रुमालात गुंडाळून.