परदेशातून दत्तक आलेल्या मुलाचे संगोपन: या चुका टाळा

कागदपत्रांचे सोपस्कार संपून मूल एकदाचे घरी पोहोचले, की त्याचे आयुष्य त्याच दिवशी सुरू झाले असे पालकांना नकळत वाटू लागते. वस्तुतः ते मूल वर्ष-दोन वर्षे, कधी सात-आठ वर्षेही, दुसरीकडे जगून आलेले असते आणि तिथली भाषा, तिथले वास, सांभाळणारी माणसे, झोपण्या-जेवण्याच्या वेळा हे सारे एका प्रवासात त्याच्यापासून सुटलेले असते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका ही मागची वर्षे हिशेबात न धरल्यामुळे होतात.

पहिली चूक मुलाच्या शांतपणाचा अर्थ लावताना होते. ‘फार गुणी आहे हो, रडतसुद्धा नाही’ असे कौतुकाने सांगितले जाते. परंतु रडल्यावर कोणीच जवळ येत नाही हा अनुभव वारंवार घेतलेले मूल रडणेच सोडून देते, हे संस्थेत वाढलेल्या मुलांच्या बाबतीत नेहमी दिसणारे चित्र आहे. असे मूल पडले, खरचटले, तरी पालकांकडे धावत येत नाही. अशा वेळी त्याने हाक मारण्याची वाट न पाहता आपण उठून जावे, जखम पाहावी, जवळ घ्यावे. काही महिन्यांनी तेच मूल आदळआपट करू लागले, तर आजवरचे सारे वाया गेले असे समजू नये. राग दाखवला तरी हे लोक आपल्याला सोडणार नाहीत, याची ते कदाचित पहिल्यांदाच परीक्षा पाहत असते.

याउलट, भेटेल त्याच्या मांडीवर जाऊन बसणारे मूल ‘पटकन रुळले’ असे मानणेही घातक आहे. सतत बदलणाऱ्या सांभाळणाऱ्यांमध्ये वाढलेल्या मुलाला सगळेच मोठे सारखे वाटतात. म्हणून सुरुवातीचे काही महिने भरवणे, आंघोळ घालणे, झोपवणे ही कामे पालकांनी स्वतःकडेच ठेवावीत आणि मुलाने पाहुण्यांकडे काही मागितले, तर त्यांनी त्याला ‘आईला विचार, बाबांना विचार’ असे सांगून परत पाठवावे. आजी-आजोबांना हे जड जाते, पण त्यांना आधीच विश्वासात घेतलेले बरे.

अन्नाबद्दलची चूक तर घरोघरी होते. चादर बदलताना उशीच्या अभ्र्यात वाळलेला पावाचा तुकडा सापडतो, त्याला मुंग्या लागलेल्या असतात, आणि पालक मुलाला समोर उभे करून विचारतात, ‘हे कशाला लपवलेस? तुला कमी पडते का इथे?’ आज कमी पडत नाही हे मुलाच्या जिभेला कळते, शरीराला अजून पटलेले नसते. दटावल्याने लपवण्याची जागा तेवढी बदलते. त्यापेक्षा मुलाच्या हाताला येईल असा एक डबा ठेवावा, त्यात न नासणारा खाऊ असावा, डबा रिकामा होताच निमूटपणे भरावा आणि अन्नाचा उपयोग बक्षीस किंवा शिक्षा म्हणून कधीही करू नये. खोलीत एकटे बसवण्याची शिक्षाही या मुलांना देऊ नये, कारण एकदा सोडल्या गेलेल्या मुलाला त्यातून पुन्हा सोडून देण्याचीच भीती कळते. चुकल्यावर त्याला आपल्या शेजारी बसवून ठेवणे अधिक उपयोगी पडते.

आरोग्याच्या बाबतीत सोबत आलेल्या कागदांवर पूर्ण विसंबू नये. घरी आल्यानंतर लवकरच रक्तक्षय, रक्तातील शिसे, थायरॉइड, हिपॅटायटिस बी व सी, एचआयव्ही, सिफिलिस, क्षयरोग आणि पोटातील जंत यांच्या तपासण्या करून घ्याव्यात, आणि संसर्ग सुरुवातीला हुलकावणी देऊ शकतो म्हणून यातील क्षयरोगासारख्या काही तपासण्या साधारण सहा महिन्यांनी पुन्हा कराव्यात. लसीकरणाच्या नोंदी शंकास्पद असल्यास प्रतिपिंडांची (अँटिबॉडीची) चाचणी करता येते किंवा लस पुन्हा देता येते. मुलाच्या कमरेवर निळसर-करडे जन्मडाग असतील, तर डॉक्टरांकडून त्यांची नोंद करून ठेवावी. ते मारहाणीचे वळ समजले गेल्याने पालकांवर अकारण संशय येऊ शकतो. अंदाजाने लिहिलेल्या जन्मतारखेबद्दल शंका असली, तरी ती बदलण्याची घाई करू नये, कारण चांगल्या आहाराने पहिल्या वर्षात उंची आणि वजन इतके भरून येते की आधी बांधलेला अंदाज चुकतो.

भाषेबद्दल शाळा आणि पालक मिळून एक चूक करतात. ‘दुसरी भाषा शिकतोय, थोडे थांबा’ हा सल्ला घरी पहिली भाषा चालू असलेल्या मुलासाठी ठीक असतो. दत्तक मुलाची पहिली भाषा मात्र थांबलेलीच असते आणि लहान मूल ती काही महिन्यांत विसरू लागते. त्यामुळे बोलण्यात मूळचीच अडचण असल्याची शंका असेल, तर ती भाषा शाबूत आहे तोवरच, त्या भाषेच्या जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. शिवाय अंगणातले खेळ आणि भांडण यांपुरती नवी भाषा लवकर येते, पण गणिताचे शाब्दिक उदाहरण समजण्याइतकी भाषा यायला पाच-सात वर्षेही लागू शकतात. तेव्हा चुरूचुरू बोलणारे मूल अभ्यासात मागे पडले, तर त्याला आळशी ठरवू नये.

नागरिकत्वाचे काम ‘होईल सावकाश’ म्हणून मागे टाकू नये. अमेरिकेत परदेशातून दत्तक आलेल्या मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा बाल नागरिकत्व कायदा २७ फेब्रुवारी २००१ रोजी लागू झाला, परंतु त्या दिवसापर्यंत १८ वर्षे पूर्ण झालेल्यांना त्याचा लाभ मिळाला नाही. पालकांनी वेळेवर अर्ज न केल्याने पुढे काही दत्तक व्यक्तींना प्रौढपणी, जिथली भाषाही येत नाही अशा जन्मदेशात पाठवले गेले.

सर्वांत जास्त चुका मुलाला त्याची कहाणी सांगताना होतात. ‘आईचे तुझ्यावर फार प्रेम होते, म्हणून तिने तुला दिले’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण प्रेम करणारी माणसे मुलांना देऊन टाकतात असाच अर्थ मूल त्यातून काढू शकते. ‘तू नशीबवान, म्हणून आम्हाला मिळालास’ या वाक्याने त्याच्यावर कृतज्ञतेचे ओझे येते आणि दुःख करण्याची मुभा जाते. कातडीच्या रंगावरून शाळेत चिडवले गेल्यावर ‘आम्हाला रंग दिसत नाही’ असे सांगणारे पालक, माझ्या मते, मुलाला त्या प्रसंगात एकटे पाडतात. त्यांनी शाळेत जाऊन बोलावे आणि मुलासारख्या दिसणाऱ्या मोठ्या माणसांशी घरोबा वाढवावा.

जे ठाऊक आहे ते वयाला झेपेल तसे लहानपणापासून सांगावे आणि जे ठाऊक नाही तिथे ‘आम्हाला माहीत नाही’ एवढेच म्हणावे. रिकाम्या जागा कल्पनेने भरू नयेत. फाइलमध्ये लिहिलेलेही अंतिम सत्य मानू नये. दक्षिण कोरियाच्या सत्य व सलोखा आयोगाने मार्च २०२५ मध्ये असे नोंदवले, की आईवडील असलेल्या मुलांनाही अनाथ दाखवून परदेशी पाठवले गेले आणि त्यासाठी नोंदी बनावट करण्यात आल्या. म्हणून ‘कागदात असे लिहिले आहे’ अशा शब्दांतच ती माहिती मुलाला द्यावी, मूळ फाइल, अंगावरचे कपडे, संस्थेतील छायाचित्रे यांपैकी काहीही टाकू नये, आणि मुलाचे पहिले नाव बदलले असल्यास ते त्याला लिहायला व नीट उच्चारायला शिकवावे.