अमेरिकेत जड ट्रकच्या मेकॅनिकने एएसईची परीक्षा कशी द्यावी

आपल्याकडे ट्रकचे काम मिस्त्रीच्या हाताखाली शिकतात. आधी पान्हे पुसायचे, मग टायर, मग हब ग्रीस, आणि बऱ्याच दिवसांनी इंजिनला हात लागतो. आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा कोर्स झाल्यावर मीही तसाच शिकलो. पुढे अमेरिकेत ट्रकच्या वर्कशॉपमध्ये लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात फोरमनने विचारले, "तुझी टी४ झाली आहे का?" टी४ म्हणजे काय, हेच मला ठाऊक नव्हते. हातात काम असूनही परीक्षेच्या भीतीने मागे राहिलेले आपले बरेच लोक मी नंतर पाहिले. हे त्यांच्यासाठी लिहितो आहे.

एएसई ही गाड्यांच्या मेकॅनिकांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देणारी, १९७२ साली स्थापन झालेली, नफ्यासाठी न चालणारी स्वतंत्र संस्था. मुख्यालय व्हर्जिनिया राज्यातल्या लीसबर्ग गावी. मध्यम आणि जड ट्रकच्या परीक्षांना 'टी' मालिका म्हणतात. टी२ डिझेल इंजिनाची, टी३ क्लच-गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतची, टी४ ब्रेकची, टी५ सस्पेन्शन आणि स्टिअरिंगची, टी६ वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्सची, टी७ हीटर आणि एसीची, टी८ देखभाल तपासणीची. या सातही सुटल्या की 'मास्टर' ट्रक टेक्निशियन.

देशभर लागू असा कोणताही कायदा ही परीक्षा मागत नाही. मागतात ते मालक, आणि पगारही बऱ्याच ठिकाणी तिच्यावर ठरतो. मिशिगनसारख्या राज्यात मात्र मेकॅनिकला राज्याचे प्रमाणपत्र लागतेच. एसीचा मुद्दा वेगळा आहे. पैसे घेऊन गाडीच्या एसीतल्या गॅसला हात लावायचा असेल, तर 'क्लीन एअर अ‍ॅक्ट' या केंद्रीय कायद्याच्या कलम ६०९ खालचे प्रमाणपत्र हवे. टी७ पास असलात तरी ते वेगळे काढावे लागते.

पहिली पायरी: सुरुवात कुठून करायची ते ठरवा

पुष्कळ जण टी८ सोपी समजून आधी देतात. माझे मत वेगळे आहे. टी८ मध्ये अख्खी गाडी येते, शिवाय कायद्यातले आकडे येतात. पुढच्या टायरची नक्षी किमान ४/३२ इंच, बाकीच्यांची २/३२ इंच, अशा गोष्टी तिथे नेमक्या माहीत असाव्या लागतात. आधी टी४, मग टी५ द्या. या दोन्हींच्या अभ्यासात टी८चा बराच भाग आपोआप होतो. आपल्याकडच्या मेकॅनिकला एअर ब्रेक हाताने माहीत असतो, म्हणून टी४ पासून आत्मविश्वास येतो. टी६ मात्र टी२च्या आधी द्या. आजचे इंजिन सेन्सरवर चालते, आणि मीटर धरता येत नसेल तर टी२ मध्ये अडायला होते.

दुसरी पायरी: नाव नोंदवा

एएसईच्या संकेतस्थळावर खाते उघडायचे, परीक्षा निवडायची, पैसे भरायचे. परीक्षा वर्षभर चालतात आणि त्या प्रोमेट्रिक या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रांवर संगणकावर होतात. नोंदणीपासून ९० दिवसांत परीक्षा द्यावी लागते.

खात्यातले नाव आणि केंद्रावर दाखवायचे ओळखपत्र यांत फरक नको. आपल्या पासपोर्टवर वडिलांचे नाव मधे असते, ड्रायव्हिंग लायसन्सवर कधी ते गळते, कधी आद्याक्षर उरते. ज्या ओळखपत्रावर जाणार, त्यावरूनच अक्षरन् अक्षर नाव भरा.

प्रमाणपत्रासाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो; मान्य शिक्षण झालेले असेल तर त्यातले एक वर्ष कमी होते. अनुभव पूर्ण होण्याआधीही परीक्षा देता येते. पास झालात तर निकाल राहतो, प्रमाणपत्र अनुभव भरल्यावर मिळते.

तिसरी पायरी: मापे बदलून घ्या

हवा बारमध्ये, टॉर्क (आवळण्याचा जोर) न्यूटन-मीटरमध्ये आणि ब्रेकचा लायनर मिलिमीटरमध्ये मोजायची आपली सवय इथे आड येते. इथे हवा पीएसआयमध्ये, म्हणजे चौरस इंचाला किती पाउंड अशी मोजतात; १०० पीएसआय म्हणजे साधारण ६.९ बार. चाकाचे नट ४५० ते ५०० फूट-पाउंडांत. आकडा पाहिल्याबरोबर तो कमी की जास्त हे कळायला हवे. परीक्षेत गुणाकार करत बसायला वेळ नसतो. महिनाभर वर्कशॉपमधले प्रत्येक माप इथल्या एककात मोठ्याने म्हणा.

दुसरा मोठा फरक विजेचा. आपले जड ट्रक २४ व्होल्टचे, इथले १२ व्होल्टचे, तीन-चार बॅटऱ्या समांतर जोडलेल्या. व्होल्टेज निम्मे म्हणजे तेवढ्याच ताकदीसाठी करंट दुप्पट, आणि म्हणून सैल किंवा गंजलेला जोड इथे जास्त त्रास देतो.

चौथी पायरी: टास्क लिस्ट हातात घेऊन काम करा

संस्थेच्या मोफत अभ्यासपुस्तिकेत प्रत्येक परीक्षेची कामांची यादी असते, आणि कुठल्या भागावर किती प्रश्न तेही दिलेले असते. ती छापून टूलबॉक्सवर चिकटवा. जे काम तुमच्या वर्कशॉपमध्ये येतच नाही, त्यावर खूण करा. अभ्यास तिथेच करायचा आहे. नुसते ट्रेलर करणाऱ्याला क्लच ब्रेकचा प्रश्न परका वाटतो, इंजिनवाल्याला किंगपिन.

टी४ साठी हे आकडे तोंडपाठ हवेत. इंजिन बंद, ब्रेक सोडलेले: एकट्या ट्रकची हवा मिनिटाला २ पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये, ट्रेलर जोडलेला असेल तर ३. ब्रेक दाबून धरला की ३ आणि ४. हवा ६० पीएसआयपर्यंत उतरण्याआधी इशारा वाजला पाहिजे. त्याखाली, २० ते ४५च्या दरम्यान, स्प्रिंग ब्रेक (हवा गेली की स्प्रिंगच्या जोराने लागणारे) आपणहून लागतात.

पाचवी पायरी: प्रश्न वाचायला शिका

चांगले कारागीर नापास होतात ते इथे. एएसईचे बरेच प्रश्न दोन टेक्निशियनांचे असतात. 'ए' असे म्हणतो, 'बी' तसे म्हणतो, बरोबर कोण? पर्याय चार: फक्त ए, फक्त बी, दोघेही, दोघेही नाही. माझ्या पद्धतीने रचलेला एक प्रश्न पाहा.

टाइप ३० मापाचा साधा ब्रेक चेंबर (हवेच्या दाबाने पुशरॉड नावाचा दांडा बाहेर ढकलणारा डबा) आहे, जास्त लांब ढकलणारा 'लाँग स्ट्रोक' नाही. पुशरॉडला ब्रेकच्या कॅमशाफ्टशी जोडणारा आणि झिजेमुळे आलेला ढिलेपणा काढणारा स्लॅक अ‍ॅडजस्टर ऑटोमॅटिक. ९० ते १०० पीएसआय हवेवर पूर्ण ब्रेक दाबला की पुशरॉड सव्वादोन इंच बाहेर येतो. ए म्हणतो, पान्ह्याने स्लॅक आवळून स्ट्रोक (पुशरॉड बाहेर येण्याचे अंतर) मर्यादेत आणावा आणि गाडी सोडावी. बी म्हणतो, क्लेव्हिस पिन, कॅमशाफ्टचे बुश आणि लायनर तपासावेत.

या चेंबरची मर्यादा दोन इंच. म्हणजे बिघाड आहे, एवढे दोघांनाही मान्य आहे. गॅरेजमधला हात 'ए'कडे जातो, कारण आपण वर्षानुवर्षे तेच केले: आवळले, गाडी गेली. पण ऑटोमॅटिक स्लॅक स्वतः आवळायलाच बनवलेला असतो. तो आवळत नसेल तर तो स्वतः खराब आहे, चुकीचा बसवला आहे, किंवा पुढचे काहीतरी झिजले आहे. हाताने आवळल्यावर स्ट्रोक काही दिवस बरा दिसतो आणि पुन्हा वाढतो. ड्रायव्हरला वाटते ब्रेक दुरुस्त झाला आहे, आणि तो घाट उतरायला लागतो. उत्तर: फक्त बी. हा प्रश्न मी जिथे जातो तिथे शिकाऊ मुलांना घालतो, कारण त्यात कुणाचा तरी जीव आहे.

असे प्रश्न सोडवायची रीत सांगतो. 'बी'चे वाक्य हाताने झाका. 'ए'चे एकटे वाक्य खरे की खोटे ते ठरवा. मग 'ए' झाका आणि 'बी'कडे पाहा. दोघे एकमेकांशी भांडत आहेत असे धरून चालू नका; कित्येकदा दोघे दोन वेगळ्या खऱ्या गोष्टी बोलत असतात.

उलट्या प्रश्नांचीही सवय लावा: 'हे सोडून सगळी कारणे शक्य आहेत' किंवा 'सर्वांत कमी शक्य कोणते'. इथे बरोबर वाटलेला पहिला पर्याय निवडला की गुण गेला. तीन शक्य कारणे शोधून खोडा, उरेल ते उत्तर. आणि 'सर्वांत आधी काय करावे' असे विचारले तर डोळ्यांनी पाहायची, काही न खोलता करायची तपासणी पर्यायांत आहे का ते बघा.

तुमच्या वर्कशॉपची रीत आणि कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलची रीत वेगळी असेल, तर परीक्षेत मॅन्युअलच्या बाजूने उभे राहा.

सहावी पायरी: टी६ साठी टेस्ट लॅम्प बाजूला ठेवा

मी पहिल्यांदा नापास झालो तो टी६ मध्ये, आणि कारण टेस्ट लॅम्प. लॅम्प पेटला म्हणजे तार चांगली, हे माझ्या डोक्यात पक्के होते. पण एकच काडी शिल्लक असलेल्या जाड केबलवरही लॅम्प पेटतो, कारण त्याला करंट नगण्य लागतो. स्टार्टरला शेकडो अँपिअर लागतात. तिथे तीच केबल गळपटते. म्हणून स्टार्टर फिरवत असतानाच केबलच्या दोन टोकांवर मीटर लावून व्होल्टेज ड्रॉप मोजायचा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर केबल किंवा जोड खराब. अर्थिंगच्या बाजूलाही हीच तपासणी, ती विसरू नका.

दुसरी गोष्ट डेटा लाइनची, म्हणजे गाडीतल्या संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन तारांची. नऊ पिनांच्या डायग्नोस्टिक कनेक्टरवर सी आणि डी पिनांत, बॅटरी सोडवून, ओहममीटर लावा. ६० ओहम यायला हवेत, कारण लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर समांतर असतो. १२० आले तर एक रेझिस्टर गायब किंवा तार तुटलेली. शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. हे वाचून पाठ करू नका, उभ्या गाडीवर स्वतः मोजा.

संगणक दाखवतो त्या बिघाडाच्या कोडचेही तसेच. कोडचे दोन भाग असतात. एसपीएन सांगतो बिघाड कुठल्या घटकात, एफएमआय सांगतो कसला. ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेले. सेन्सरचा प्लग काढा, कोड बघा, मग जंपर (जोडायचा तारेचा तुकडा) लावून पुन्हा बघा. कुठल्या सर्किटवर हे करायचे ते मात्र आधी वायरिंग डायग्राममध्ये पाहून घ्या.

टी२ च्या तयारीत धुराची यंत्रणा येते: काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर, नायट्रोजनचे विषारी वायू कमी करणारी एससीआर, आणि तिच्यासाठी लागणारे ३२.५ टक्के युरियाचे डीईएफ द्रावण. एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांतल्या गाड्यांवर भारतात काम केले असेल, तर ही यंत्रणा तुमच्या ओळखीची आहे.

परीक्षेच्या दिवशी आणि नंतर

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडू नका. काही प्रश्न फक्त पुढच्या परीक्षांसाठी आजमावायला घातलेले असतात, त्यांना गुण नसतात, पण ते ओळखता येत नाहीत. विचित्र प्रश्न आला तर त्यावर अडकून बसू नका. नापास झालात तर ३० दिवसांनी पुन्हा बसता येते, आणि निकालपत्रात भागवार कामगिरी दिलेली असते. कच्चा भाग तेवढाच धरा. प्रमाणपत्र पाच वर्षे टिकते, मग नूतनीकरण.

डिझेल इंजिन आणि इलेक्ट्रिकल दोन्ही सुटल्यावर एल२, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डिझेल निदानाची वरची परीक्षा, खुली होते. तिच्यातले प्रश्न एका काल्पनिक ट्रकवर असतात आणि त्या ट्रकची पुस्तिका संस्थेच्या संकेतस्थळावर आधीच मिळते. ती उतरवून घ्या, तिच्यातला वायरिंग डायग्राम हाताने दोनदा काढा, आणि मगच तारीख घ्या.