कुत्र्याचा विमा काढायचा की नाही, बेळगावातल्या दोन कुत्र्यांचा हिशोब

सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला गेलं की कुत्री घेऊन आलेले चार जण भेटतातच, आणि त्यातला एक तरी विचारतो, "ब्रुनोचा विमा काढलास काय रे? काढावा काय?" दरवेळी उभ्या उभ्या अर्धं सांगून होतं आणि तेवढ्यात कुणाचं तरी कुत्रं दुसऱ्याच्या अंगावर जातं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय. घरी दोन आहेत. ब्रुनो, चार वर्षांचा लॅब्राडॉर, आणि काळी, अनगोळच्या गल्लीतून आणलेली, आता अंदाजे नऊ वर्षांची. ब्रुनोचा विमा काढलाय, काळीचा काढला नाही, आणि दोन्ही विचार करूनच.

पहिल्यांदा विमा म्हणून मी बोललो तेव्हा आई म्हणाली, "मामानं येळ्ळूरला म्हशीचा काढला होता की, कानात बिल्ला मारून, तसाच ना?" तसा नाही, आणि बऱ्याच जणांची गडबड इथंच होते. म्हैस मेली तर तिच्या किमतीएवढं नुकसान होतं, म्हणून जनावराचा विमा मुख्यतः मरणावर असतो. आपलं कुत्रं गेलं तर जे जातं त्याला बाजारभाव नाही, आणि गल्लीतनं आणलेल्या काळीची तर खरेदीची पावतीसुद्धा नाही. आपल्याला जड जातो तो उपचाराचा खर्च. त्यामुळे पॉलिसीत "मृत्यू झाल्यास इतके लाख" असं मोठ्या अक्षरात लिहिलंय म्हणून भुलू नका, उपचाराला किती देणार तेवढंच आधी बघा. न्यू इंडिया, ओरिएंटल या सरकारी कंपन्या कुत्र्याचा विमा खूप आधीपासून देतात, बजाज अलियान्झनं २०२० मध्ये उपचारावर भर असलेली पॉलिसी आणली, नंतर एचडीएफसी अर्गोचीही आली. गावठी, क्रॉस, मुधोळ हाऊंड चालतं काय हे कंपनीगणिक वेगळं आहे, त्यामुळे "देशी आहे, मिळणार नाही" असं आपणच ठरवून टाकू नका, विचारा. वयाचं मात्र सगळीकडे आहे, पिल्लू दोन-तीन महिन्यांचं झाल्यावरच घेतात आणि म्हातारं झाल्यावर नवीन घेत नाहीत. ग्रेट डेनसारख्या अवाढव्य जातींना तर काही ठिकाणी चार वर्षांनंतर नव्यानं घेत नाहीत. म्हणजे काढायचाच असेल तर कुत्रं तरणं आणि ठणठणीत असतानाच, आजारी पडल्यावर धावाधाव करून उपयोग नाही, कारण आधीपासून असलेला आजार कव्हरमध्ये धरतच नाहीत.

आता ठरवायचं कसं. मी स्वतःला पहिला प्रश्न विचारला तो असा, की उद्या डॉक्टरनी चाळीस हजार लागतील म्हटलं तर माझ्याकडे आहेत काय. आणि नीट लक्षात घ्या, विमा असला तरी हा प्रश्न सुटत नाही, कारण कुत्र्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा पैसे आधी आपणच भरायचे असतात आणि मग बिलं लावून मागायचे. विमा आहे म्हणून खिसा मोकळा ठेवला तर ऐन वेळेला सोसायटीत कर्ज काढायला पळावं लागेल. दुसरा हिशोब कागदावर केला. समजा जीएसटी धरून प्रीमियम वर्षाला ५,२०० आहे आणि बिलातले दहा टक्के आपण सोसायचे आहेत. चाळीस हजारांचं ऑपरेशन झालं तर कंपनी ३६,००० देणार. सात वर्षं प्रीमियम भरला तर ३६,४०० होतात. म्हणजे सात वर्षांत असं एक मोठं काम निघालं तर बरोबरी, दोन निघाली तर फायदा, एकही नाही निघालं तर कुत्रं तब्येतीनं राहिलं, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. तुमचा प्रीमियम, तुमचं कव्हर घालून हाच हिशोब करा, पाच मिनिटांचं काम आहे. कोल्हापूर, पुण्याला न्यायचं झालं तर गाडीभाडं, राहणं सहसा त्यात येत नाही, ते वेगळं धरा.

पण हिशोब बरोबर आला तरी पैसे हातात येतात की नाही ते दुसऱ्याच गोष्टीवर ठरतं, आणि ते मला गेल्या पावसाळ्यात कळलं.

ऑगस्टमध्ये ब्रुनोनं दोन दिवस खाल्लं नाही. लॅब्राडॉर खात नाही म्हणजे काहीतरी आहेच. तिसऱ्या दिवशी सकाळी नाकातनं रक्ताचा थेंब पडला, ओठ वर करून बघितलं तर हिरड्या, एरवी गुलाबी असतात त्या, धुतलेल्या तांदळासारख्या पांढऱ्या. गोचिडाचा ताप. प्लेटलेट ३८,००० वर आलेल्या, जिथं किमान दोन लाख तरी लागतात. सहा दिवस रोज दवाखान्यात टेबलावर सलाईन, दोन तासांनी घरी, दर दोन दिवसांनी रक्त तपासणी, आणि गोळ्या २८ दिवस. कुत्रं वाचलं, डॉक्टरांचे उपकार विसरणार नाही. खर्च ११,४०० झाला.

क्लेम लावला. पहिली अडचण अशी की पॉलिसीत "भरती" म्हणजे दवाखान्यात रात्र काढायला पाहिजे होती, आणि आपल्याकडे कुत्र्याला रात्रभर ठेवून घेणारे दवाखाने किती आहेत सांगा? सलाईन लावायचं आणि घरी न्यायचं हीच आपली पद्धत. त्यामुळे सगळं ओपीडीमध्ये गेलं आणि ओपीडीची मर्यादा होती ४,०००. दुसरी अडचण लसीच्या कार्डाची. आदल्या वर्षी २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिनाच्या शिबिरात मी ब्रुनोला इंजेक्शन देऊन आणलं होतं, फुकट आणि चांगली सोय, पण त्या गर्दीत कार्ड घरीच राहिलं आणि नोंद झालीच नाही. बाकीच्या रकान्यांत डॉक्टरनी बाटलीचं स्टिकर चिकटवून सही केलेली आणि तेवढा एक रकाना कोरा. गोचिडाच्या तापाचा आणि रेबीजच्या लसीचा काय संबंध म्हणून मी वाद घातला, पण लसीकरण पूर्ण पाहिजे अशी अटच होती, आणि ती वाचली नव्हती ती माझी चूक. सहा आठवडे पत्रव्यवहार करून शेवटी ते ४,००० मिळाले.

म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसानं प्रीमियमच्या आधी ओपीडी कव्हर बघावं असं माझं स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात गोचीड, पिल्लांना पार्वो (उलट्या-जुलाबाचा विषाणूचा आजार), खानापूरच्या जंगलपट्ट्याकडे साप, यात टेबलावरच्या सलाईनवरच बरंच काम होतं. ओपीडी नसलेली स्वस्त पॉलिसी ऑपरेशनपुरतीच कामाची, हे कळून घेतली तर घ्या. वेटिंग पिरियड किती दिवसांचा तेही बघा, आज पैसे भरले आणि उद्या पार्वो झाला तर मिळत नाही. नसबंदी, लसी, जन्मतः असलेला दोष, पिल्लं होतानाचा खर्च हे साधारण बाहेरच असतं. मादी असेल आणि नसबंदी केली नसेल तर गर्भाशयात पू होण्याचा आजार वय वाढल्यावर होतो, ऑपरेशन तातडीचं असतं, तो कव्हरमध्ये आहे काय ते नाव घेऊन विचारा. खरं तर वेळेत नसबंदी करणं हाच त्यावरचा विमा.

फायलीचं काम आजपासून करता येतं, विमा काढा न काढा. कार्डावर प्रत्येक लसीचं स्टिकर, तारीख, सही. बिलावर आणि चिठ्ठीवर डॉक्टरांचा व्हेटर्नरी कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर, डॉक्टर कर्नाटकातले असोत की कोल्हापूरचे. सरकारी दवाखान्याची चिठ्ठी कन्नडमध्ये असते, डॉक्टरांना विनंती केली की आजाराचं नाव इंग्लिशमध्ये लिहून देतात, माझ्या अनुभवात कुणी नाही म्हटलं नाही. मेडिकलमधनं औषध घेताना पक्कं बिल. आणि मायक्रोचिप बसवून घ्या, मानेमागं सुईनं घालतात, १५ आकडी नंबर मिळतो, मग "हेच ते कुत्रं कशावरून" हा प्रश्न उरत नाही. गणपती विसर्जनाच्या फटाक्यांत सुटून पळालेलं कुत्रं सापडायलासुद्धा त्याचा उपयोग होतो.

चावण्याचंही कव्हर मिळतं, आपल्या कुत्र्यानं तिसऱ्या माणसाला इजा केली तर त्याची भरपाई. ब्रुनो गेटवर कुरिअरवाल्यावर उड्या मारतो म्हणून मी ते घेतलंय. पण ते पैशापुरतं. निष्काळजीपणा केला म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड होऊ शकतो, तो विमा कंपनी भरणार नाही. गेटला कडी लावा.

काळीचं वेगळं आहे. वय जास्त, जन्माचा पुरावा नाही, गोचिडाचा ताप दोनदा होऊन गेलेला, त्यामुळे कुणी घेतलंच तरी नेमकं जे होणार तेच वगळणार. तिच्यासाठी मी पिग्मी, म्हणजे रोज थोडे थोडे पैसे भरायची ठेव, लावली. दुकानात रोज पिग्मीवाला येतोच, वीस रुपये काळीचे वेगळे. वर्षाला ७,३०० होतात, कुठलीही अट नाही, म्हातारपणीच्या दातांपासून सांध्यांपर्यंत कशालाही वापरता येतात. घरात वयस्कर किंवा आधीच आजारी कुत्रं असेल त्यांनी हेच करावं असं मला मनापासून वाटतं. फक्त ते पैसे दिवाळीत काढायचे नाहीत.

पैसे भरायच्या आधी एजंट "सर, सगळं कव्हर होतंय की" म्हणाला तर त्याला म्हणा, या चार प्रश्नांची उत्तरं ईमेल कर. एका दिवसात सलाईन लावून घरी आणलं तर भरती धरणार की ओपीडी, ओपीडीची वर्षाची मर्यादा किती, गोचिडाचा ताप एकदा झाल्यावर रिन्यूअलला तो आधीचा आजार धरणार काय, आणि क्लेम किती दिवसांत कळवायचा. उत्तर लेखी आलं तरच पुढं जा. ते ईमेल नंतर कामाला येतं, कारण कंपनीनं क्लेम अडवला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करायची, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, फी नाही, वकील नको. बेळगावचा पत्ता असेल तर बेंगळुरूचं ऑफिस, चंदगडचा असेल तर महाराष्ट्रातलं. तक्रारीला आयआरडीएआयचा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, १५५२५५ हा नंबर आणि बीमा भरोसा पोर्टलही आहे.

ब्रुनोचं रिन्यूअल मार्चमध्ये आहे. यावेळी ओपीडीची मर्यादा वाढवून घेणार आहे, आणि तो कोरा रकाना डॉक्टरनी परत लस देऊन भरलाय, स्टिकर चिकटवून.