आई-बाबांच्या पैशातून घर घेताय? आधी त्यांचं पासबुक काढा

आई-वडिलांनी घरासाठी दिलेल्या पैशावर मुलाला किंवा मुलीला आयकर लागत नाही. पाच लाख असोत नाहीतर पन्नास, मर्यादा नाही. ५०,००० रुपयांचा जो आकडा सगळे सांगत सुटतात तो मित्र, शेजारी, चुलत-मावस भावंडं यांच्यासाठी. तिथे वर्षात एकूण ५०,००० च्या वर गेलं की सगळीच रक्कम करपात्र होते. आई-बाबा, आजी-आजोबा, सख्खी भावंडं, काका, मामा, आत्या, मावशी, सासू-सासरे ही मंडळी कायद्याच्या व्याख्येतच नातेवाईक आहेत. एवढं ऐकून लोक निर्धास्त होतात आणि कागद ठेवत नाहीत.

म्हणून सगळ्यात आधी बाबांकडे पैसे आले कुठून, याचे कागद गोळा करा. तुमच्याकडे कुठून आले ते सोपं आहे, बाबांकडून आले. मागच्या वेळी माझी फाईल अगदी टापटीप होती. बक्षीसपत्र (गिफ्ट डीड, पैसे भेट दिल्याचा लेखी कागद) होतं, माझ्या खात्याचा उतारा होता, बिल्डरच्या पावत्या होत्या. आयकर खात्याची नोटीस आली तेव्हा प्रश्न बाबांच्या खात्याबद्दल होता. चेक देण्याच्या आधीच्या दिवसांत त्या खात्यात एक मुदत ठेव मोडून आलेली, आत्याने परत केलेले उसने पैसे आलेले, आणि एक चांगला घसघशीत रोख भरणा. ठेवीची पावती मोडताना बँकेत दिली, तिची झेरॉक्स नाही. रोख कुठली, तर सोयाबीनची. विक्रीच्या पट्ट्या (पावत्या) कुठे, तर असतील गावी.

आयकर खात्याला तीन गोष्टी पटवाव्या लागतात: देणारा कोण, त्याची तेवढी ऐपत होती का, आणि व्यवहार खरा आहे का. पहिली आणि तिसरी गोष्ट बक्षीसपत्राने भागते. मधली भागत नाही. आणि ती पटवण्याची जबाबदारी पैसे घेणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर. नाही पटलं तर ती रक्कम तुमचंच न दाखवलेलं उत्पन्न धरतात, कुठलीही वजावट न देता जड दराने कर लावतात, वर दंड. तेव्हा ठेव मोडायच्या आधी पावतीचा फोटो घ्या. पीएफ-ग्रॅच्युइटीचे पैसे असतील तर निवृत्तीच्या वेळचं पत्र शोधा. शेतीचे असतील तर सातबारा आणि बाजार समितीतल्या अडत्याच्या पट्ट्या. बाबांची रिटर्न्स भरलेली असतील तर तीही. हे सगळं पैसे हलायच्या आधी करा. नंतर बँकेची शाखा बदललेली असते आणि बाबांना आठवत नाही.

रोख घेऊ नका. एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एकाच व्यवहारापोटी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेइतका दंड होऊ शकतो, बाप-लेक असले तरी. 'आज दीड, उद्या दीड' ही हुशारी इथे चालत नाही.

बाबांनी जुनं घर किंवा शेअर विकून पैसे द्यायचे असतील तर भांडवली नफ्यावरचा कर बाबांनाच भरावा लागतो, पैसे तुम्हाला दिले म्हणून तो सुटत नाही. नव्या घरात पैसे गुंतवले की सूट मिळते हे खरं, पण ते घर विकणाऱ्याच्या नावावर हवं. मुलाच्या नावावर घर घेऊन बापाने सूट मागायची म्हणजे वाद अंगावर ओढून घेणं. आणि हो, या विक्रीचे कागदही त्याच फाईलमध्ये. पैसे कुठून आले, याचंच ते उत्तर आहे.

पैसे बाबांच्या एकट्याच्या खात्यातून तुमच्या खात्यात, आणि तिथून बिल्डरला. बाबांनी परस्पर बिल्डरला चेक दिला तर करारात नाव एकाचं, पैसे दुसऱ्याचे, आणि गृहकर्जवाली बँक पहिला प्रश्न तोच विचारते. सुनेच्या खात्यात तर मुळीच नाही. सासू-सासऱ्यांनी सुनेला दिलेल्या पैशातून घेतलेलं घर भाड्याने दिलं, तर तिच्या वाट्याचं भाडं सासू-सासऱ्यांच्या उत्पन्नात धरलं जातं. जावयाला हा नियम नाही, का ते कायदा करणाऱ्यांना विचारा. सज्ञान मुला-मुलीलाही नाही.

बक्षीसपत्र साधं चालतं, पैशासाठी नोंदणीची सक्ती नाही. त्यात नातं, रक्कम, चेक नंबर किंवा यूटीआर (बँकेतून ऑनलाइन पाठवलेल्या पैशाचा व्यवहार क्रमांक), तारीख, दोघांचे पॅन, 'परत घेणार नाही' आणि 'स्वीकारले' ही दोन वाक्यं, आणि एक ओळ पैशाच्या उगमाची. ती ओळ सहसा नमुन्यात नसते, स्वतः घाला. परत द्यायचे असतील तर बक्षीस लिहू नका, बिनव्याजी कर्ज लिहा. आणि ते रोखीने २०,००० किंवा त्याच्या वर घेता येत नाही.

भावंडं असतील तर त्यांना आत्ताच सांगा. पुढे वाटणीत हा विषय निघतोच.

बाकीचं भराभर. बाबांना घरात नाव हवं असेल तर त्यांच्या वाट्याचे पैसे बक्षीस म्हणू नका. घर ५० लाख किंवा त्याहून महाग असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याला द्यायच्या पैशातून आधीच कापून सरकारला भरायचा कर) खरेदीदाराने कापायचा. रिटर्नमध्ये बक्षिसाची रक्कम करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात दाखवा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, त्यामुळे जुन्या बक्षीसपत्रातले कलमांचे आकडे तसेच उतरवू नका. विकणारा अनिवासी असेल तर टीडीएस वेगळा आणि बराच जास्त, तिथे सीएला विचारल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.