क्विल्टिंग ऑटोमॅटिक करायचंय? आधी मशीन कशामुळं थांबतं ते लिहून काढा

"गादीच्या कारखान्यासाठी कुठलं क्विल्टिंग मशीन घेऊ" असं विचारणारा कुणीतरी दर महिन्याला भेटतोच, आणि मी त्याला उलटं विचारतो की आत्ताचं मशीन काल किती मिनिटं चाललं. बहुतेकांना सांगता येत नाही. मीटर सांगतात, मिनिटं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काम तेच आहे जे आज्जी गोधडी शिवताना करायची, वर कापड, मधे भर, खाली अस्तर आणि आरपार टाके. इथं वरचं कापड म्हणजे टिकिंग (गादीचं कापड), ते निट म्हणजे विणीचं ताणणारं किंवा जॅकार्ड, मधे पातळ फोम नायतर पॉलिस्टर फायबर, खाली नॉन-वोव्हन म्हणजे न विणलेलं कापड, आणि धावदोऱ्याऐवजी एका ओळीतल्या तीसेक सुया एकदम खाली येतात. हे सगळं रोलवरून आत जातं आणि बाहेर येतं ते पॅनल कटरवर, तिथं गादीच्या मापाचे तुकडे पडतात.

आता हिशोब बघा. मशीन मिनिटाला ८०० टाके मारतंय, टाका ५ मिमीचा, म्हणजे टाक्याच्या रेषेवर मिनिटाला ४ मीटर. पण डिझाइन नागमोडी असेल तर रेषा कापडापेक्षा लांब असते, दीडपट धरली तर कापड पुढं सरकतं साधारण २.६७ मीटर, तासाला १६० मीटर. ७८ बाय ७२ इंचांची गादी घेतली तर वरचं आणि खालचं पॅनल मिळून ४ मीटर, म्हणजे कागदावर तासाला ४० गाद्या. प्रत्यक्षात मशीन तासातली ५५ टक्केच मिनिटं चालत असेल तर २२. आता तुम्हीच सांगा, ८०० चं १००० करणारं मशीन घेऊन जास्त फायदा की ते ५५ चं ७५ करून?

म्हणून पहिलं काम फुकटातलं. मशीनशेजारी एक कागद चिकटवा, दोन आठवडे प्रत्येक थांबा लिहायचा, किती वाजता, किती मिनिटं, कशामुळं. धागा तुटला, रोल संपला, डिझाइन बदललं, सुई मोडली, कटर अडकला, फोम वाकडा गेला, जेवण. ऑपरेटरला स्पष्ट सांगा की हे पगार कापायला नाही, नायतर सगळे थांबे "लाइट गेली" मधे जातात.

कागद भरला की बहुतेक ठिकाणी सगळ्यात वर धागाच असतो, आणि त्याचं कारण साधं गणित आहे. ९० इंच रुंदीत ३-३ इंचांवर सुया म्हणजे ३० सुया. प्रत्येक सुईचा धागा दोन तासांतून एकदाच तुटतो असं धरलं, ऐकायला किती छान वाटतं ना, तरी दर ४ मिनिटांना एक धागा तुटणार आणि मशीन थांबणार. त्यामुळं धागा स्वस्तातला घेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. शंकूवर गाठ नको, धाग्याची वाट सरळ हवी, सिरॅमिक गाइडला खाच पडली की लगेच बदला, सुया मोडायची वाट न बघता ठरलेल्या तासांनी बदला, निटला बॉलपॉइंट म्हणजे गोल टोकाची सुईच. आणि प्रत्येक धाग्याला तुटल्याचा सेन्सर पाहिजेच, वरच्या धाग्याला आणि लूपरच्याही (लूपर म्हणजे खालून धाग्याचा फास धरणारा आकडा). सेन्सर नसेल तर दहा मीटर पुढं गेल्यावर कुणाच्या तरी लक्षात येतं की एक ओळ गायब आहे.

मोठ्या उत्पादनात चेन स्टिच का वापरतात तेही इथंच सांगतो. लॉक स्टिचला, म्हणजे ३०१ नंबरच्या टाक्याला, खाली बॉबिन असते, ती संपली की सगळं थांबवून भरत बसा. ४०१ च्या साखळी टाक्याला बॉबिनच नाही, खालचा धागाही शंकूवरून येतो. तोटा असा की धागा जास्त खातो, आणि टोक पक्कं केलं नाही तर धान्याच्या पोत्याची शिलाई जशी एका ओढीत सुटते तशी ओळ सुटते. त्यामुळं तुटक डिझाइन असेल, फूल इथं एक आणि तिथं एक, तर सुरुवातीला आणि शेवटी टॅक मारणारं, म्हणजे टोक पक्कं करणारं, आणि धागा स्वतः कापणारं मशीन लागतं.

टाका सुटायला लागला की आधी लूपर बघा. त्याचं टोक सुईच्या पाठीवरच्या खाचेजवळून जातं, अंतर जेमतेम कागदाच्या जाडीएवढं. आमच्याकडचे एक मामा नुसत्या आवाजावरून सांगायचे, "उजवीकडनं सातवी ठोकतीय." वाकून बघितलं तर सातव्या सुईचं टोक बोथट. सेन्सर घ्याच, पण असा माणूस असेल तर त्याला लाइनवरच ठेवा, दोन मशीन दाखवा, पगार वाढवा.

नंतर रोल. टिकिंग, फोम, नॉन-वोव्हन तिन्हीला मोटरवर उलगडणारे स्टँड आणि मधे खालीवर होणारा डान्सर रोलर, म्हणजे ताण सारखा राहतो. मशीन स्वतःच्या जोरावर निट ओढत असेल तर ते ताणलं जातं आणि शिवून झाल्यावर आखडतं. शक्य असेल तर निटचा रोल आदल्या दिवशीच सैल करून ठेवा. नवा रोल जुन्याच्या शेपटाला जोडायचं ठिकाण तयार ठेवा, आणि त्या जोडावर खूण, कारण तो जोड गादीच्या मधोमध आला की ग्राहक फोटो काढतोच.

आता कटर, जिथं मी स्वतः तोंडावर पडलो. पॅनल कटर बसवला, माप ७८ दिलं, टेबलावर टेप लावली, बरोबर ७८. खूश. दुसऱ्या दिवशी टेप-एजवाला, म्हणजे गादीच्या कडा टेप लावून शिवणारा, पॅनल घेऊन केबिनमधे आला, ७७ आणि थोडं. कोपरा ओढून ओढून त्याची बोटं लाल झालेली. झालं असं की कटरवर माल ताणात असतो, कापला की हळूहळू आखडतो. दोन आखडणं वेगवेगळी धरा: टाक्यांमुळं होणारं, ते कापड किती लागेल त्याच्या हिशोबात, आणि कापल्यावरचं, ते कटरच्या मापात. प्रत्येक कापड-फोम-डिझाइनच्या जोडीचे पाच पॅनल कापा, रात्रभर मोकळे ठेवा, सकाळी मोजा, जो फरक येईल तो कटरच्या सेटिंगमधे त्या जोडीच्या नावानं टाका. काटकोन बघायला कर्ण मोजा, ७८ बाय ७२ ला दोन्ही कर्ण १०६ इंचांच्या किंचित वर आणि मुख्य म्हणजे एकमेकांइतके आले पाहिजेत.

कटरचं पातं कुणाची ओळख ठेवत नाही, लाइट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) बंद करून काम करणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवा. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेच्या लाइनीत पाणी साचतं, ड्रायर नसेल तर हवेवर चालणारे सिलिंडर रडायला लागतात.

एवढं नीट झालं की मग कॉम्प्युटर. ऑर्डरी आल्या त्या क्रमानं मशीनला देऊ नका, आधी एकच टिकिंग, त्यात एकच डिझाइन, त्यात मापं अशी रांग लावा. ३६ रुंदीचे दोन पॅनल शेजारी-शेजारी बसतात तिथं बसवा, नायतर अर्धा रोल कचऱ्यात. प्रत्येक पॅनलवर बारकोड, पुढं टेप-एजला तोच वाचायचा. डिझाइनं चाळीस असतील तर मार्केटिंगशी भांडा आणि बारावर आणा, ही सगळ्यात स्वस्त ऑटोमेशन आहे राव.

हे करताना पुढचं खातंही मोजा. फ्लँजिंग (पॅनलच्या कडेला पट्टी शिवणं) आणि टेप-एज मिळून तासाला १८ गाद्याच काढत असतील तर तुमचे २५ गाद्यांचे पॅनल ढिगातच पडणार, आणि खालचे दबून चपटे होणार.

आणि एवढं करूनही नवं मशीन लागतंयच असं दिसलं तर डेमोला जाताना स्वतःचं सामान न्या. तिथं त्यांचं कापड, त्यांचा धागा, सोपं डिझाइन असतं, काहीच तुटत नाही. आपला सगळ्यात ताणणारा निट, सगळ्यात जाड फोम, आपलाच धागा लावून निदान दोन तास चालवायला लावा, चहाला उठू नका, आणि तोच थांब्यांचा कागद खिशातून काढून भरत बसा.