व्हीलचेअरसह रानवाटेवर गटाने कसे जावे

वाट किती किलोमीटरची आहे, या प्रश्नाचा व्हीलचेअर घेऊन निघणाऱ्या गटाला फारसा उपयोग नाही. त्या वाटेवरचा सर्वांत वाईट एक मीटर कसा आहे, ते विचारायचे. तीन किलोमीटर सरळसोट गेलेली वाट एखाद्या पायरीपाशी, ओहळातल्या गोट्यांपाशी किंवा दुचाक्या अडवायला रोवलेल्या लोखंडी खांबांपाशी संपते. सगळी तयारी त्या एका मीटरासाठी असते.

उदाहरणाला माथेरान घेऊ. मोटारींना बंदी असल्याने दस्तुरी नाक्यापुढे मागून मोटारी येत नाहीत, ही मोठी सोय. पण पायाखाली लाल माती, तिच्यातून वर आलेली मुळे आणि जांभ्याचे दगड, शिवाय घोड्यांची ये-जा. पावसाळ्यात माती वाहून जाते आणि मे महिन्यात सपाट दिसलेली वाट ऑक्टोबरमध्ये खडबडीत निघते. म्हणून जुन्या फोटोंवर विसंबू नका. सहलीच्या दोन-तीन आठवडे आधी दोघांनी जाऊन रेकी, म्हणजे वाटेची पाहणी, करायची.

रेकीला काय मोजायचे

पाच मीटरची टेप, मीटरभर लांबीची सरळ पट्टी आणि कोन दाखवणारे अ‍ॅप असलेला मोबाइल, एवढे पुरे. मोबाइल थेट जमिनीवर ठेवला तर तो एका खड्याचा कोन सांगतो. चढ मोजायला पट्टी वाटेच्या दिशेने टाकून तिच्यावर ठेवा. ३ अंशांपर्यंतच्या (साधारण १:२०) चढावर हातांत जोर असलेली व्यक्ती स्वतः चेअर चालवू शकते. ५ अंश म्हणजे इमारतीच्या रॅम्पचा १:१२ हा उतार. रॅम्पवर तो काही मीटरच चढायचा असतो, रानात तोच शंभर मीटर चालला तर ढकलायला माणूस लागतो. ७-८ अंशांना एक मागे आणि एक पुढे दोरीवर. त्यापुढे वाट बदला.

खरी फसवणूक आडव्या उताराची. वाट एका बाजूला कलली असेल तर चेअर सतत खालच्या अंगाला ओढली जाते. ती सरळ ठेवायला खालच्या बाजूचा हात जोर लावतो आणि वरचा ब्रेकसारखा धरून राहतो, त्यामुळे थोड्याच वेळात एक खांदा भरून येतो. आडवा उतार २ टक्के, म्हणजे जेमतेम १ अंश, इतकाच चांगला. रुंदी किमान ९० सेंटिमीटर हवी, वळून परतायला दीड मीटर मोकळी जागा आणि दोन चेअर शेजारून जायला १८० सेंटिमीटर. स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदीही मोजून घ्या, ‘आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका.

चेअरची तयारी

पुढची छोटी चाके, म्हणजे कॅस्टर, हा कच्चा दुवा. पाच इंची कॅस्टर सुट्या मातीत रुततो, मुळाला अडकतो आणि बसलेली व्यक्ती पुढे फेकली जाते. त्यामुळे कमरेचा पट्टा हवाच. फुटरेस्टला लावायचे मोठे जोडचाक मिळते, ते कॅस्टर जमिनीवरून उचलून धरते. ते नसेल तर वाईट जागी चेअर मागे तिरकी करून मागच्या दोन चाकांवर न्यायची.

खडबडीत वाटेसाठी टायरची हवा थोडी कमी केली तर हादरे कमी बसतात. पण एक लक्षात असू द्या: पार्किंग ब्रेकची दांडी टायरवरच दाबली जाते. हवा उतरली की ब्रेक ढिला होतो आणि चढावर ‘लावलेली’ चेअर मागे सरकू लागते. हवा बदलली की ब्रेक पुन्हा जुळवा. सुटी ट्यूब आणि पंप सोबत घ्या, पण घरीच लावून पाहा. चेअरचा व्हॉल्व्ह बहुधा मोटारीच्या चाकासारखा असतो, साध्या सायकलच्या पंपाचे तोंड त्यावर बसत नाही. टायरचेही तसेच. चेअरचा २४ × १ ३/८ इंची टायर आणि सायकलचा २४ × १.७५ इंची टायर दोन्ही ‘चोवीस इंची’ म्हणून विकले जातात, पण एकाच्या रिमवर दुसरा चढत नाही.

ढकलायच्या हँडलची रबरी मूठ ओढून पाहा. जुनी मूठ घामाने फिरते आणि उतारावर हातात निघून येते.

मोटार असलेल्या चेअरचा बॅटरीचा पल्ला कंपनीने सपाट जमिनीवरचा सांगितलेला असतो. रानात निम्माच धरा. मोटार मोकळी करून ढकलायची वेळ आली तर तिचा आपोआप लागणारा ब्रेकही सुटतो, म्हणून हे उतारावर कधीच करायचे नाही.

वाटेवर

प्रत्येक चेअरमागे तीन मदतनीस धरा: एक ढकलणारा, एक पुढे, एक बदलीला. काय करायचे हे चेअरवरची व्यक्ती सांगेल. विचारल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही. सबंध गटाचा वेग तासाला दोन किलोमीटरच्या आत राहतो. परत फिरायची वेळ निघतानाच ठरवा.

एखादी पायरी चढताना तोंड पायरीकडे ठेवा. चेअरच्या मागे खालच्या बाजूला निघालेल्या नळीवर पाय देऊन चेअर तिरकी करा, कॅस्टर वर टेकवा, मागची चाके पायरीला भिडेपर्यंत पुढे न्या आणि मग उचला. मागे छोटी आधारचाके असतील तर ती आधी वर वळवा, नाहीतर चेअर तिरकीच होत नाही; चढ लागला की पुन्हा खाली. तीव्र उतार उतरताना चेअर पाठमोरी न्यायची, ढकलणारा खालच्या बाजूला. दोरी बांधायची आणि हात घालायचा तो फक्त मुख्य सांगाड्याला. हातटेकू आणि फुटरेस्ट उचलताना सुटून हातात येतात.

जड पिशवी हँडलला अडकवू नका, चढावर चेअर मागे कलंडते. माथेरानात तर माकडे ती हमखास ओढतात.

शरीराची काळजी

दर अर्ध्या तासाला थांबून पुढे वाकून किंवा बाजूला कलून बैठकीवरचा भार दोन मिनिटे हलका करायचा. पायांना संवेदना नसेल तर पाऊल फुटरेस्टवरून घसरून दगडाला घासत असले तरी कळत नाही. बंद बूट घाला, पोटरीला पट्टा लावा आणि दर थांब्यावर पाऊल डोळ्यांनी पाहा. लघवीची अडचण नको म्हणून अनेकजण पाणीच पीत नाहीत, पण उन्हात हे फार महागात पडते. मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्यांना इजेखालच्या भागात घाम नीट येत नाही. त्यांच्यासाठी पाण्याचा फवारा आणि ओला पंचा जवळ ठेवा.

याच लोकांना, विशेषतः टी-६ (छातीच्या भागातला सहावा मणका) किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांना, अचानक डोके ठणकू लागले, चेहरा लाल झाला, मानेवर घाम फुटला तर रक्तदाब धोकादायक चढलेला असू शकतो. आडवे करू नका, ताठ बसवा. पट्टे आणि घट्ट कपडे सैल करा. कॅथेटरची (लघवी बाहेर नेणारी) नळी दुमडली आहे का, पिशवी भरली आहे का, ते लगेच पाहा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडते. लक्षणे उतरली नाहीत तर वैद्यकीय मदतीसाठी १०८ ला फोन लावा. कोणत्या वळणावर रेंज मिळते, हे रेकीतच टिपून ठेवलेले असावे.