कँटनी सूप चढवण्याआधी: सुकी बोरं, साली आणि मुळ्यांची तयारी

ग्वांगदोंग आणि हाँगकाँगकडचं घरगुती सूप एकदा मंद आचेवर गेलं की दोन तास त्याच्याकडे बघावं लागत नाही. खरं काम त्याआधीच्या तासाभरात असतं: निवडणं, भिजवणं, बिया काढणं, आणि कोणती वाटी केव्हा रिकामी करायची ते ठरवून ओट्यावर वाट्या मांडणं. दुकानात 'चिंग पो लेउंग' नावाची तयार मिश्र पुडी मिळते. ती फोडून सगळं एकदम ओतलं, तर लिलीच्या कंदाच्या सुक्या पाकळ्या विरून जातात, गोजी (बारीक लाल सुकं फळ) फुटून आंबटसर लागते आणि यीमी (एक कठीण धान्य) मात्र दाताखाली टणकच राहते. खालची मापं चार माणसांच्या, म्हणजे अडीच लिटर पाण्याच्या सूपची आहेत.

आधी वजनकाटा काढा, आणि पाककृती कुठली आहे ते बघा. चीनच्या मुख्य भूमीवर बाजारातला एक ल्यांग ५० ग्रॅमचा. हाँगकाँग आणि सिंगापूरमध्ये तोच ३७.८ ग्रॅमचा. ल्यांगचा दहावा भाग म्हणजे छ्येन. बोरं थोडी इकडेतिकडे झाली तर बिघडत नाही, पण दांगग्वीसारख्या उग्र मुळीत हा घोळ झाला की अख्खं भांडं कडू होतं.

लाल बोरं सहा ते आठ घ्या. इंग्रजी नावामुळे यांना 'लाल खजूर' म्हणायची सवय लागली आहे. खजुराशी यांचा संबंध नाही, हे आपल्या बोराचं सख्खं चुलत भावंड. सुरकुत्या उथळ, दाबल्यावर गर भरीव लागणारा, अशी निवडा. देठापाशी बारीक भोक किंवा तपकिरी भुकटी दिसली तर आत कीड आहे. कोमट पाण्यात चोळून धुवा, उभी चीर द्या आणि आठळी काढून टाका. चिनी घरांत आठळी उष्ण पडते म्हणून काढतात. ते पटो न पटो, चीर द्यायला दुसरी दोन कारणं आहेत: जाड सालीमुळे अख्ख्या बोराचा गोडवा आतच अडकून राहतो, आणि आतली कीड चिरल्याशिवाय दिसत नाही. पाकात शिजवलेली, अंगावर बारीक रेघा असलेली मधबोरं ही वेगळी वस्तू. ती घालणार असाल तर दोन पुरेत, आणि लाल बोरं निम्मी करा.

गोजी १० ते १५ ग्रॅम. चीनच्या निंगशिया प्रांतातल्या चोंगनिंगची नावाजलेली. चांगली गोजी गडद लाल असते, पण दाण्यादाण्यात रंगाचा थोडा फरक असतो आणि देठाच्या टोकाला फिकट ठिपका दिसतो. सगळे दाणे सारखेच झगझगीत आणि तो ठिपकाही लाल असेल, तर शंका घ्या. गंधकाची धुरी दिलेला माल पुडी उघडताच नाकाला झोंबतो. गोजी फक्त विसळा. भिजत ठेवली तर रंग आणि गोडी त्या पाण्यातच जाते. तिची वाटी अगदी शेवटी मांडा, कारण ती आच बंद करण्याआधी दहाच मिनिटं पडते.

चेनपी म्हणजे मुरवलेली संत्र्याची साल. ग्वांगदोंगमधल्या शिनहुईची साल तीन पाकळ्यांत सोलतात, आणि तीन वर्षं मुरल्याशिवाय तिला चेनपी म्हणत नाहीत. एका भांड्याला एक पाकळी भरपूर झाली. गार पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, मग आतला पांढरा पापुद्रा सुरीच्या पाठीने खरवडून काढा. कडवटपणा त्यातच असतो. नागपुरी संत्रंही याच जातकुळीतलं, त्यामुळे घरी साल वाळवून काम भागेल असं वाटतं. पण वर्षाच्या आतल्या सालीत तेलाचा उग्रपणा शिल्लक असतो, आणि दोन तासांच्या उकळीत तोच वर येतो. नसेल चेनपी तर घालू नका. ताजी साल तर नकोच.

आता मुळ्या आणि कंद. दांगशेन १५ ग्रॅम, हुआंगचीचे काप १० ग्रॅम. दोन्ही वाहत्या पाण्याखाली झटपट धुवा आणि दांगशेनचे बोटाएवढे तुकडे करा. हुआंगची चिवट असते, ती खायची नसते. मलमलीच्या पुरचुंडीत बांधली तर वाढताना शोधाशोध होत नाही. चीन सरकारने अन्न आणि औषध दोन्ही मानलेल्या पदार्थांची यादी २००२ साली काढली. गोजी, बोर, लोंगन (लिचीसारखं सुकं फळ), कमळबी, चेनपी तिच्यात तेव्हापासून आहेत. दांगशेन आणि हुआंगची थेट २०२३ मध्ये आल्या. घरातली जुनी शिस्तही या दोघींना औषधासारखं जपून वापरायचीच: ताप किंवा सर्दी-खोकला असताना या दोन मुळ्या भांड्यात पडत नाहीत. दांगग्वी घालायचीच असेल तर एक-दोन पातळ काप. गरोदरपणात ती टाळा. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर दांगग्वी आणि गोजी दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

ह्वाइशानचे सुके काप ३० ग्रॅम, तासभर भिजवून. हा आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद. काप पिठूळ हवा, पण पांढराफटक नको. कापाच्या मधोमध धागा किंवा धाग्याची खूण दिसली तर तो ह्वाइशान नाही, साबुदाण्याच्या कंदाचा, कसाव्याचा काप आहे. स्वस्त मालात ही भेसळ होते. छ्येनशी म्हणजे आपला मखानाच, पण न फोडलेला. नाव एक म्हणून लाह्या झालेला मखाना घालाल तर सूपमध्ये त्याचा लगदा होईल. कठीण, अर्धवट लालसर सालीचे दाणे मागा, २० ग्रॅम घ्या आणि दोन तास भिजवा. यीमी बऱ्याच दुकानांत 'चायनीज बार्ली' म्हणून विकतात. ती बार्ली नाही, दाणा मोठा आणि एका बाजूने खोल खाच असलेला असतो. तिला चार तास भिजवण लागतं. गरोदर बाईसाठी सूप असेल तर ती वगळा.

जर्दाळूच्या बियांबाबत हलगर्जी नको. दक्षिणी बी मोठी, चपटी, गोड. उत्तरी लहान, फुगीर, कडू. कडू बीमध्ये अमिग्डलिन असतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. पाककृतीत १५ ग्रॅम दक्षिणीला जेमतेम ३-४ ग्रॅम उत्तरी असते, तीही भिजवून, पाणी फेकून आणि उघड्या भांड्यात भरपूर उकळून. घरात लहान मूल असेल तर फक्त दक्षिणी घ्या. कच्ची बी तोंडात टाकून बघायची नाही.

मांस म्हणून अर्धी गावठी कोंबडी किंवा ६०० ग्रॅम डुकराची हाडं. गार पाण्यात घालून उकळी आणा, तीन-चार मिनिटं खळखळू द्या, ते पाणी ओतून द्या आणि तुकडे कोमट पाण्याने धुवा. ही पायरी गाळली तर मळी बोरांना आणि सालीला चिकटते आणि सूप गढूळ होतं. भांडं मातीचं किंवा जाड स्टीलचं घ्या, अॅल्युमिनियमचं नको. मातीचं असेल तर तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नका, तडकतं.

वाट्यांचा क्रम असा. मोजलेल्या गार पाण्यात मांस, मुळ्या, ह्वाइशान, छ्येनशी, यीमी, बिया, चेनपी. मोठ्या आचेवर वीस मिनिटं, मग मंद आचेवर दीड तास. मध्ये एखादा बुडबुडा फुटेल एवढीच आच. बोरं आणि आठ-दहा लोंगन शेवटच्या पाऊण तासात, लिलीच्या पाकळ्या शेवटच्या पंचवीस मिनिटांत, गोजी त्यानंतर, आणि मीठ आच बंद करताना. मीठ आधी घातलं तर पाणी आटेल तसं सूप खारट होत जातं. 'उकळायला तीन तास, वाफेवर चार' अशी जुनी कँटनी म्हण आहे, पण कोंबडीला इतका वेळ देऊ नका, मांसाचा चोथा होतो. पाणी कमी पडलंच तर उकळतं घाला.

शाकाहारी घरात याच वाट्यांतून गोड सूप होतं, आणि चवीला ते मुळीच दुय्यम नाही. यिनअर, म्हणजे फुलासारखं पांढरं सुकं अळंबं, १५ ग्रॅम घ्या. पिवळसर सुकं चालेल, चुन्यासारखं पांढरं नको. गार पाण्यात एक-दोन तास भिजवा, खालचा कडक पिवळा देठ कापून टाका आणि नखाएवढे तुकडे करा. मोठे ठेवले तर चीक सुटत नाही. रात्रभर ओट्यावर भिजत ठेवणं मात्र धोक्याचं. उबेत त्यात जिवाणू वाढून बोंगक्रेकिक आम्ल तयार होऊ शकतं आणि ते उकळूनही नष्ट होत नाही. वेळ नसेल तर फ्रिजमध्ये भिजवा. पाणी बुळबुळीत झालं किंवा वास आला तर सगळं फेका. पावणेदोन लिटर पाण्यात यिनअर आणि ३० ग्रॅम कमळबी सव्वा तास शिजवा. कमळबी आधी फोडून आतला हिरवा कोंब काढलेला हवा; एक कोंब राहिला तरी घास कडू लागतो. खडीसाखर ५० ग्रॅम, पण बी बोटाने दाबून फुटल्यावरच. साखर आधी पडली तर कमळबी मऊ व्हायचं नाव घेत नाही. मग बोरं, लिली, गोजी वरच्याच हिशेबाने.

उरलेलं सामान ठेवताना बोरं आणि लोंगन घट्ट डब्यात फ्रिजमध्ये, गोजीही तिथेच, नाहीतर दमट हवेत ती काळी आणि चिकट पडते. चेनपी फ्रिजबाहेर, काचेच्या बरणीत. ग्वांगदोंगमध्ये वसंतातल्या दमट दिवसांत भिंतींना पाणी सुटतं तेव्हा ती बरणी उघडत नाहीत, आणि कोरडं ऊन पडलं की साली बाहेर काढतात. कोकणात तोच नियम जून ते सप्टेंबर लावा.